रेंज नसलेल्या शाळेत नेटवरचं साहित्य कसं वापरायचं

माझी शाळा पहिली ते सातवीची, मी तिसरीची वर्गशिक्षिका आणि सहावी सातवीला विज्ञान घेते. शाळेच्या ओट्यावर उभं राहिलं तर एखादी कांडी रेंज येते, वर्गात तीही नाही. त्यामुळे "ही लिंक उघडा आणि मुलांना दाखवा" छाप सल्ले आपल्या कामाचे नाहीत. इतक्या वर्षांत माझी एक पद्धत बसलीय, नेट घरी वापरायचं आणि वर्गात न्यायची ती उतरवलेली वस्तू, आणि शक्यतो ती पोरांच्या हातात पडली पाहिजे, नुसती डोळ्यांसमोर फिरून उपयोग नाही. रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याचं टाचण काढताना मी तासभर फक्त ह्याच कामाला देते.

आधी आपल्या घरचंच. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. फक्त आपल्या इयत्तेचं उतरवून थांबू नका, मागच्या दोन इयत्तांचीही ठेवा. तिसरीतल्या ज्या पोराला हातच्याची वजाबाकी जमत नाही त्याला दुसरीच्या पुस्तकातली चार पानं झेरॉक्स करून द्यायची, तो शांतपणे बसून सोडवतो आणि वर्गासमोर त्याचा पाणउताराही होत नाही. दीक्षा हे सरकारचं शिक्षणाचं ॲप 2017 पासून आहे, आपल्या पुस्तकांतले क्यूआर कोड त्यावरच उघडतात हे सगळ्यांना माहितीय, पण कोडच्या शेजारी सहा अक्षरी कोड छापलेला असतो तो टाइप केला तरी तोच पाठ उघडतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पान फाटलंय, कॅमेरा खराब आहे, अशा वेळी लय कामाला येतं. व्हिडिओ ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवा म्हणजे नेट नसताना चालतो. आणि प्लीज, अख्खा व्हिडिओ लावू नका. दोन मिनिटांनी थांबवायचा आणि विचारायचं, "आता पुढं काय होईल?" पोरं भांडायला लागली की समजायचं डोकं चालू झालं.

वाचनासाठी मी सगळ्यात जास्त वापरते ते स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेली ही साइट, त्यावर मराठीत चिक्कार चित्रगोष्टी आहेत, चार पातळ्यांमध्ये. पातळी 1 च्या गोष्टी अडीचशे शब्दांच्या आतल्या असतात, नुकतं वाचायला लागलेल्या पोराला झेपतात. भाषेत मराठी निवडा, पातळी निवडा, फुकट खातं उघडून पीडीएफ उतरवा. ह्या गोष्टींना मुक्त परवाना आहे, म्हणजे छापा, वाटा, भाषांतर करा, सगळं चालतं, फक्त लेखक-चित्रकाराचं नाव काढायचं नाही. मी काळ्या-पांढऱ्या प्रिंट काढते, मध्ये स्टेपल मारते आणि वाचन कोपऱ्यात दोरीवर चिमट्याने लटकवते. प्रत्येक गोष्टीच्या मागच्या पानावर ज्याने वाचली त्याने सही करायची. सही करायला मिळते म्हणून पोरं एकेक गोष्ट तीन तीनदा वाचतात, आणि तिसऱ्या वेळी वाचताना ती अडखळत नाहीत, मला तेच पाहिजे असतं.

अजून एक करून बघा. आमच्याकडची बरीच पोरं घरी पावरी बोलतात, पहिलीला आली की मराठीच त्यांना परकी वाटते. मी एक छोटी गोष्ट घेतली, चित्र दाखवून विचारलं, हे तुमच्या घरी कसं म्हणाल, आणि त्यांनी सांगितलं तसं देवनागरीत मराठी ओळीच्या खाली पेनाने लिहीत गेले. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी त्या दिवशी मला उच्चार दुरुस्त करून देत होती. तुमच्याकडे कोरकू असेल, वारली असेल, अहिराणी असेल, हेच करता येईल.

आता विज्ञान. फेट नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, आहेत, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेली. बरीचशी मराठीतही आहेत. डाउनलोडचं बटण दाबलं की एक फाइल मिळते, ती पेन ड्राइव्हवर घ्या, शाळेच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. सातवीला मी विद्युत परिपथाचं वापरते. पोरं तार, सेल, बल्ब ओढून जोडतात, आत निळे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात आणि तार सरळ सेलच्या दोन्ही टोकांना लावली तर स्क्रीनवर ज्वाळा येतात. शॉर्ट सर्किट म्हणजे काय हे मला तोंडाने कधीच इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

पण स्क्रीनवर थांबायचं नाही. लगेच दुसऱ्या तासाला अरविंद गुप्तांची मोटर करायची. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, 2018 चे पद्मश्री, त्यांनी आयुष्यभर टाकाऊतून खेळणी केली आणि सगळं साइटवर फुकट ठेवलं, खेळण्यांचे व्हिडिओ आहेत, मराठी पुस्तकंही आहेत. मोटरला लागतं काय, तर एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची रिंग, जुन्या स्पीकरचं चुंबक आणि वाइंडिंगवाल्याकडून मीटरभर तांब्याची तार. सेलभोवती तारेचे आठ-दहा वेढे काढून टोकं बाहेर ठेवायची, पिना सेलच्या दोन टोकांना रिंगने दाबायच्या, वेटोळं त्यांच्या भोकांत अडकवायचं, खाली चुंबक. इथं नव्वद टक्के लोक एका जागी चुकतात. तारेवर इनॅमलचा, म्हणजे वीज जाऊ न देणारा, थर असतो, तो टोकांवरून तीनच बाजूंनी खरवडायचा, खालची बाजू तशीच ठेवायची. पूर्ण खरवडली तर वेटोळं नुसतं हेलकावे खातं, कारण अर्ध्या फेरीनंतर चुंबक त्याला उलटं ढकलतं, त्या क्षणी करंट तुटायला हवा असतो. आमच्या वर्गात पहिल्या गटाची फिरेना, दुसऱ्या गटाची फिरली, मग पहिल्या गटातला पोरगा तिथं जाऊन दोन्ही टोकं डोळ्याला लावून बघत बसला आणि म्हणाला, "बाई, ह्यांनी एक बाजू विसरलीय." मी काही बोलले नाही, सगळ्यांना त्यावरच वाद घालू दिला, तास संपला तरी कुणी उठेना.

पटकन उजळणी घ्यायची असेल तर प्लिकर्स नावाचं ॲप बघा. पोरांकडे फोन लागत नाही, प्रत्येकाला छापलेलं कार्ड, ते अ ब क ड पैकी उत्तराप्रमाणे फिरवून धरायचं आणि आपण एका फोनने सगळा वर्ग स्कॅन करायचा. ह्याला मात्र नेट लागतं, म्हणून मी वर्ग ओट्यावर नेते. यादीत मुलांची नावं टाकू नका, हजेरी क्रमांक टाका, मुलांची माहिती बाहेरच्या साइटवर कशाला ठेवायची.

स्वतःच्या वाचनासाठी मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभा राहिलेला, वीस खंडांचा, सगळा ऑनलाइन. आकडेवारी जुनी असते, लोकसंख्या उत्पादन वगैरे तिथून घेऊ नका, पण वटवाघूळ, ज्वालामुखी, लोणार असल्या विषयांना तोड नाही. वर्गात मी एक वही ठेवलीय, मला न आलेला प्रश्न पोरं त्यात लिहितात, मी रविवारी विश्वकोशात शोधते आणि सोमवारच्या परिपाठात उत्तर देते.

सगळं एकदम करायला जाऊ नका. आज रात्री स्टोरीवीव्हरवर खातं उघडा, पातळी 1 च्या पाच गोष्टी उतरवा, उद्या येताना प्रिंट आणि दोरी घेऊन या.