चेहरा रंगवताना या चुका टाळा

फेस पेंटिंग फसलं की दोष हाताला दिला जातो. "मला चित्रकला येतच नाही" हे वाक्य ठरलेलं. पण वाघाचे पट्टे किंवा फुलपाखराचे पंख थोड्या सरावाने कुणालाही जमतात. बिघडतं ते पाण्याच्या प्रमाणामुळे आणि घाईमुळे.

त्याआधी एक चूक, जिला माझ्या लेखी माफी नाही: कागदाचे रंग चेहऱ्यावर लावणं. अ‍ॅक्रिलिक, पोस्टर कलर, मार्कर यांवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असलं तरी ते त्वचेवर तासन् तास ठेवण्यासाठी बनवलेले नसतात. अ‍ॅक्रिलिक सुकलं की त्याचा पापुद्रा धरतो आणि तो सोलताना चेहऱ्याची लव उपटली जाते. हस्तकलेच्या चमकीचंही तेच. तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळावर ओरखडा उठू शकतो. रंग आणि चमकी दोन्ही कॉस्मेटिकच हवेत. निऑन रंग बहुधा डोळ्यांजवळ चालत नाहीत, म्हणून वेष्टनावरच्या सूचना नीट वाचा. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून 24 तास वाट बघा. खाज किंवा लाली आली तर तो रंग वापरू नका.

रंग ओघळतो, भेगाळतो

वडीच्या रंगावर (घट्ट वडीच्या रूपात मिळणारा, पाण्याने भिजवून वापरायचा रंग) स्पंज फिरवताना बुडबुडे दिसले की समजा, पाणी जास्त झालं. स्पंज ओला करून घट्ट पिळा आणि रंग दाट सायीसारखा होईपर्यंत वडीवर गोल फिरवा. चेहऱ्यावर मात्र तो ओढू नका, थोपटत जा. ओढला की पट्टे उमटतात. रंग फिका वाटला म्हणून लगेच जाड थर चढवण्याचा मोह होतो, आणि मूल हसलं की ओठांच्या कडेला भेगा पडतात. पातळ थर द्या, बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच स्पर्श करून तो सुकल्याची खात्री करा, मगच दुसरा द्या.

चेहऱ्यावर तेलकट क्रीम असेल तर पाण्याचा रंग धरतच नाही. सनस्क्रीन लावायचं असल्यास आधी लावा आणि पूर्ण मुरू द्या.

रेघ तुटते, रंग मळकट होतात

ब्रशला स्पंजपेक्षा थोडं जास्त पाणी लागतं. रेघ मध्येच तुटली तर ब्रश कोरडा आहे, कडा फुटल्या तर फार ओला. करंगळी गालावर टेकवली की हात स्थिर राहतो. आधी फिके रंग, मग गडद, आणि काळ्या रेघा अगदी शेवटी. खालचा थर ओला असताना काळा लावला की सगळं राखाडी होतं.

"डोळे मीट" म्हटलं की मूल डोळे गच्च आवळतं, पापणीला सुरकुत्या पडतात आणि डोळा उघडल्यावर तिथे कोऱ्या रेघा दिसतात. "झोपल्यासारखे हलकेच मीट" असं सांगा. डोळ्याखाली रंगवताना वर बघायला लावा. तोंडाजवळचा भाग शेवटी घ्या, कारण मुलं ओठ चाटतातच.

एकच स्पंज सगळ्यांना

रांग मोठी असली की ही चूक हमखास होते, आणि डोळ्यांची साथ किंवा त्वचेचा संसर्ग असाच पसरतो. प्रत्येकाला वेगळा स्पंज द्या, ब्रश धुवत राहा, पाणी बदलत राहा. डोळे आलेले असतील किंवा चेहऱ्यावर जखम, पुरळ असेल तर चेहरा रंगवू नका. अगदी लहान बाळांच्या तर हातावर एखादा ठिपका पुरे.

काढताना घासाघाशी

ओल्या टिश्यूने खसाखसा पुसलं की त्वचा लाल होते. पाण्याचा रंग असेल तर साबणाचा फेस हातावर करून हलक्या हाताने चोळा आणि कोमट पाण्याने धुवा. तेलकट ग्रीस पेंट असेल तर आधी तेल किंवा कोल्ड क्रीम, मग साबण. हिरव्या-निळ्याची पुसट छटा उरली तर घासत बसू नका, ती आपोआप जाते.

वड्या झाकण बंद करण्याआधी उघड्यावर सुकू द्या, नाहीतर त्यांना बुरशी येते. बुरशी आलेली वडी वरून खरवडून पुन्हा वापरू नका, टाकून द्या.