ड्राइव्ह ‘वापरात आहे’ म्हणतोय? अडवणारा प्रोग्रॅम असा शोधा

कॉपीची हिरवी पट्टी संपली म्हणजे फाइल यूएसबी ड्राइव्हवर पोचलीच असं नाही. थोडा भाग अजून मेमरीतच असू शकतो. म्हणून विंडोजमध्ये घड्याळाजवळच्या यूएसबी चिन्हावरून ‘इजेक्ट’ करा, मगच केबल काढा. ‘डिव्हाइस वापरात आहे’ आलं, तर त्या ड्राइव्हवरच्या उघड्या फाइली आणि फोल्डर बंद करा. तरी सोडत नसेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडी टिपणारी नोंदवही; स्टार्ट मेनूत नाव शोधा) ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘सिस्टम’ उघडून 225 क्रमांकाची नोंद पाहा. अडवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव तिथे सापडतं. कधी कधी तो बिचारा अँटीव्हायरसच असतो. काहीच जमेना, तर संगणक शट डाउन करून केबल काढा. आत फिरती तबकडी असलेली हार्ड डिस्क इजेक्ट झाल्यावरही लगेच उचलू नका, तिची घरघर थांबू द्या.