ऑफिसच्या पार्किंगवर सोलर शेड टाकायचीय? आधी जमिनीकडे बघा

कंपनीच्या पार्किंगवर सोलर शेड टाकायचा विषय निघाला की मीटिंगमधे पहिला प्रश्न ठरलेला, "पॅनेल कुठलं घ्यायचं?" आणि मग अर्धा तास त्यातच जातो. खरं सांगायचं तर पॅनेल हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, नावाजलेलं कुठलंही घ्या, एकोणीस-वीसचा फरक. डोक्याला ताप असतो तो लोखंड, फाउंडेशन, पावसाचं पाणी आणि चालू पार्किंगमधे काम करायचं याचा. छतावरच्या सोलरला इमारत आयती मिळते, इथे ती उभी करण्यापासून सुरुवात आणि खालून दिवसभर गाड्या जाणार. त्यामुळे हे छतापेक्षा महाग पडतं, खर्चाचा मोठा वाटा स्टील आणि खोदकाम खातं, हे मालकाला पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर कोटेशन आल्यावर तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल.

सुरुवात हिशोबाने करा. एका गाडीची जागा धरा अडीच मीटर बाय पाच मीटर. आजकालचं ५५० वॉटचं पॅनेल साधारण २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असतं, म्हणजे एका गाडीवर सरासरी चार-साडेचार पॅनेल बसतात, २.२ ते २.५ किलोवॉट. चाळीस गाड्यांचं पार्किंग असेल तर शंभर किलोवॉटच्या आसपास. चांगलं ऊन असलेल्या ठिकाणी एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरायला हरकत नाही. आता हे आकडे तुमच्या बिलाशेजारी ठेवा, पण महिन्याच्या बिलाशेजारी नाही, तासातासाच्या वापराशेजारी. दिवसा मशीन, एसी, सर्व्हर चालतात त्या धंद्याला हे फायद्याचं, जिथे सगळं काम रात्री चालतं तिथे जास्तीची वीज ग्रिडला काय भावाने जाते यावर सगळं गणित लटकलेलं. आणि वीज कंपनीची परवानगी सगळ्यात आधी मागा, ट्रान्सफॉर्मरवर जागाच नसेल तर बाकीची ड्रॉइंग करून काय उपयोग.

सावली बघायला साइटवर सकाळी नऊला, दुपारी आणि संध्याकाळी चारला, असं वेगवेगळ्या वेळी जा. झाडं, शेजारची बिल्डिंग, मोबाइल टॉवर, आणि हमखास विसरले जाणारे दिव्याचे खांब. शेडच्या मधोमध जुना खांब तसाच ठेवून बाजूने पॅनेल लावलेलं मी बघितलंय, त्या खांबाची सावली दिवसभर पॅनेलवर फिरत असते. खांब काढा आणि शेडच्या खाली एलईडी लावा, उजेड उलट जास्त चांगला पडतो.

आता जमीन. पार्किंगच्या डांबराखाली काय काय पुरलेलं असतं याची कोणालाच धड कल्पना नसते, पाण्याची लाइन, ड्रेनेज, जुन्या केबली, इंटरनेटचं फायबर. जुनी ड्रॉइंग मिळाली तरी त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, जमिनीखालचं बघणाऱ्या रडारने स्कॅन करून घ्या, आणि जिथे कॉलम येणार तिथे आधी हाताने खड्डा मारून बघा, जेसीबी नंतर. सोबत मातीची टेस्ट, कारण भराव टाकून सपाट केलेली जमीन आणि मूळची कडक जमीन यात फाउंडेशनचा खर्च भलताच बदलतो.

फाउंडेशन एवढं मोठं कशाला, पॅनेल तर हलकी असतात, हे प्रत्येक अकाउंटंट विचारतो. बरोबर आहे, पॅनेलचं वजन चौरस मीटरला जेमतेम अकरा-बारा किलो. पण इथे भीती वजनाची नाही, वाऱ्याची आहे. सेकंदाला ४० मीटर वेगाचा वारा चौरस मीटरला जवळजवळ शंभर किलोचा दाब टाकतो, म्हणजे पॅनेलच्या वजनाच्या आठ-नऊ पट, आणि शेड चारी बाजूंनी उघडी असल्याने तो खालून घुसून वर उचलतो. उघड्या छत्रीसारखं समजा. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. म्हणून ते काँक्रीट शेड तोलायला नसतं, शेड उडू नये म्हणून असतं. कोणी "एवढं नको, कमी करू" म्हणालं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सहीचं कॅल्क्युलेशन मागा, त्यात स्थानिक वाऱ्याचा वेग आणि बर्फ पडत असेल तर बर्फाचं वजन धरलेलं आहे ना ते बघा, विषय तिथेच संपतो.

कॉलम कुठे येणार हे गाड्यांनी ठरवायचं, पॅनेलच्या मापाने नाही. दोन रांगा पाठीला पाठ लावून असतील तर मधल्या रेषेवर एकच कॉलम आणि वर दोन्हीकडे पंख, इंग्रजी Y च्या आकाराचा, हा सगळ्यात सोयीचा प्रकार, दार उघडताना काही आडवं येत नाही. एकच रांग भिंतीला लागून असेल तर मागे कॉलम आणि पुढे कँटिलिव्हर (पुढच्या बाजूला आधार नसलेलं छप्पर), पण त्याला फाउंडेशन जड लागतं. कॉलममधलं अंतर गाडीच्या रुंदीच्या पटीत ठेवा, दोन गाड्या म्हणजे पाच मीटर, तीन म्हणजे साडेसात, आणि कॉलम पांढऱ्या पट्ट्यावरच आला पाहिजे. एखादा जरी जागेच्या मधे आला तर तेवढी एक गाडी कायमची गेली. उंची सगळ्यात खालच्या कडेला निदान अडीच मीटर, पण मालवाहू गाडी किंवा अँब्युलन्स त्या बाजूने येत असेल तर साडेतीनच्या पुढे जा. फायर ब्रिगेडच्या गाडीचा रस्ता मोकळा सोडा, त्यावर शेड नकोच. कॉलमला खालून साधारण ९०० मिलिमीटर उंच काँक्रीटचा चौथरा करा, रिव्हर्स घेताना कॉलमला गाडी ठोकणारा एक तरी निघतोच.

काम चालू असताना बाकी काही बघायला जमलं नाही तरी अँकर बोल्टच्या (कॉलम धरून ठेवायला फाउंडेशनमधे रोवलेले बोल्ट) दिवशी साइटवर उभं राहा. काँक्रीट ओतायच्या आधी बोल्ट लोखंडी टेम्प्लेटमधे पक्के बसवलेले असले पाहिजेत. नुसते तारेने बांधले असतील तर काँक्रीट घट्ट बसवायचा व्हायब्रेटर लागला की ते सरकतात, आणि दहा-बारा मिलिमीटर सरकले तरी पुढे बेसप्लेट, म्हणजे कॉलमच्या तळाची प्लेट, बसत नाही. मग फिटर काय करतो? गॅस कटर घेतो आणि भोक मोठं करतो. वरून मोठा वॉशर टाकला की कोणाला दिसत नाही. पण जिथे शेड धरून ठेवणारा मुख्य जोड आहे तिथेच प्लेट कमजोर झाली आणि तिथलाच गंज रोखणारा झिंकचा थर जळून गेला, गंज लागायला तिथूनच सुरुवात. असं दिसलं तर काम थांबवा आणि इंजिनिअरला विचारा, फिटरला नाही. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात, आदल्या आठवड्यात ओतलंय आणि लगेच क्रेन लावायची घाई करू देऊ नका.

स्टील हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या झिंकमधे बुडवून काढलेलं) घ्या, नुसत्या पेंटवर पंचवीस वर्षं निघणार नाहीत. सहा मिलिमीटरपेक्षा जाड स्टीलवर सरासरी ८५ मायक्रॉनचा थर हवा, हे मोजायचं छोटं मीटर मिळतं, माल ट्रकवरून उतरतानाच चेक करा. सगळी भोकं फॅक्टरीतच पाडून आली पाहिजेत, साइटवर ड्रिल मारलं की तिथलं कोटिंग गेलं, नाइलाज असेल तर झिंकवाला पेंट लगेच मारायचा.

पाण्याचं सगळे शेवटी बघतात आणि मग पावसाळ्यात शिव्या खातात. सोलर लावलं म्हणजे आपोआप छप्पर झालं असं नाही, दोन पॅनेलमधे वीस मिलिमीटरची फट असते आणि त्यातून धूळ मिसळलेलं पाणी थेंब थेंब बॉनेटवर पडतं, वाळलं की मातकट ठिपक्यांची सरळ रेघ. लोकांना शेडखाली कोरडं राहायचंय तर फटीत रबर गॅस्केट किंवा खालून पन्हळीसारखे चॅनेल असलेलं स्ट्रक्चर घ्या आणि हे ऑर्डरच्या वेळीच ठरवा, मागाहून सिलिकॉन भरून काही टिकत नाही. उतार पाच ते दहा अंश ठेवा. त्याहून सपाट केलं तर फ्रेमच्या कडेला चिखल साचतो, जास्त तिरपं केलं तर वारा जास्त लागतो. आणि गटर नीट मोजा, २५० चौरस मीटरच्या शेडवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेबारा हजार लिटर पाणी खाली येतं, ते कुठे जाणार? साठवायची टाकी असेल तर उत्तम, पॅनेल धुवायला तेच वापरता येतं.

इलेक्ट्रिकलमधे लांबलचक सांगत नाही, ते लायसन्सवाल्याचं काम आहे, पण काही गोष्टी तुम्हीच विचारायच्या. एका स्ट्रिंगमधे, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेत, किती पॅनेल? एका पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (त्यातून वीज घेतली जात नसतानाचं) ५० च्या आसपास असतं, वीस जोडले की १००० व्होल्ट, आणि थंडीत हे व्होल्टेज अजून वाढतं, म्हणजे इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी विजेची एसी करणारं यंत्र) १००० व्होल्टचा असेल तर थंड सकाळी मर्यादा ओलांडली जाते, तिथे अठराच्या आसपास थांबलेलं बरं. पॅनेलच्या केबली जोडणारे कनेक्टर दोन्ही बाजूंचे एकाच कंपनीचे असावेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात खरे पण जोड गरम होऊन आग लागायचं ते एक ओळखीचं कारण आहे. इन्व्हर्टर कॉलमवर हाताला न लागेल इतका वर आणि सावलीत. आणि सिक्युरिटीवाल्यांना नीट समजावून सांगा, मेन बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या डीसी केबलमधे करंट मारण्याइतकं व्होल्टेज असतंच.

पार्किंग मीटर रूमपासून लांब असतं, त्यामुळे केबलचं अंतर आधी मोजा, व्होल्टेज ड्रॉप (केबलमधे वाटेत होणारी व्होल्टेजची घट) दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा तर केबल जाड लागते. चर खोदलाच आहे तर त्यात दोन रिकामे पाइप जास्तीचे टाकून ठेवा, इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर आज नको असले तरी. चार्जरबद्दल एक गैरसमज मात्र सगळीकडे दिसतो, की गाडीच्या डोक्यावरची पॅनेल ती गाडी चार्ज करतील. साधा एसी चार्जर ७ किलोवॉट घेतो आणि वर आहेत सव्वादोन-अडीच, म्हणजे तीन गाड्यांवरचं छप्पर एका चार्जरला. पण दिवसभराचा हिशोब चांगला निघतो, एका जागेवरून रोज नऊ-दहा युनिट आले तर इलेक्ट्रिक गाडी साठेक किलोमीटर जाते, बहुतेकांचं घर-ऑफिस त्यात बसतं.

काम टप्प्याटप्प्याने करा, अर्धं पार्किंग चालू ठेवून, आणि क्रेनचं काम सुट्टीच्या दिवशी. (फ्रान्समधे २०२३ च्या कायद्याने १५०० चौरस मीटरवरच्या पार्किंगना निम्म्या जागेवर असं सोलर छप्पर सक्तीचं केलं, तेव्हा चालू पार्किंगमधे हे काम करायची वेळ बऱ्याच जणांवर येणार आहे.)

ताब्यात घेताना प्रत्येक स्ट्रिंगचं व्होल्टेज, इन्सुलेशन टेस्ट आणि अर्थिंगचं रीडिंग लेखी घ्या, चर बुजवण्याआधीचे फोटो घ्या, आणि वर्षभराने सगळे बोल्ट टॉर्क रेंचने (किती घट्ट आवळलंय ते मोजणारा पाना) परत तपासायचं कॉन्ट्रॅक्टमधेच लिहा. पैशांचा शेवटचा हप्ताही पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत अडकवून ठेवा, तशी अट आधीच घातलेली असेल तर कॉन्ट्रॅक्टर गॅस्केट लावताना स्वतः शिडीवर चढून बघतो.