जान मोरो, चाळीस मिनिटं आणि एक पेनड्राइव्ह

मागच्या वर्षी नाशकातल्या इंदिरानगरच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मी जान मोरो या फ्रेंच नटीवर बोलले आणि सपशेल आपटले. बत्तीस वर्षं बँकेत काउंटर सांभाळलेली मी, मला वाटायचं आकडे जुळले की काम झालं. २३ जानेवारी १९२८ ला पॅरिसमध्ये जन्म, इथून सुरुवात केली, ३१ जुलै २०१७ ला तिथंच निधन, इथं संपवलं. मधला एकही पुरस्कार सोडला नाही. सतराव्या मिनिटाला पुढच्या रांगेतले एक आबा घोरायला लागले. चहावाला लवकर आला, त्याला कुणी थांब म्हटलं नाही.

या जानेवारीत तेच भाषण सगळं उसवून पुन्हा शिवलं. या वेळी जमलं. परदेशी नटीवर आपल्या माणसांपुढे बोलायची वेळ तुमच्यावर आली, तर हे उपयोगी पडेल.

आधी नाव बोलून बघा. इंग्रजी स्पेलिंग वाचून मी पहिल्यांदा ‘जीन मोरिआऊ’ म्हणाले होते. सूनबाईनं कोपरखळी मारली. ‘मोरो’ सोपं आहे, ‘जान’ला मात्र ओठ पुढे काढून ‘ज’ आणि ‘श’च्या मधला उच्चार काढायचा. आरशासमोर दहादा म्हणा. सुरुवातीलाच श्रोत्यांकडूनही एकदा म्हणवून घ्या, हसतात आणि नाव डोक्यात बसतं.

मग जन्म, आईवडील, शाळा हे सगळं बाजूला ठेवा आणि थेट एक दृश्य दाखवा. माझं दृश्य ठरलेलं आहे. फ्रेंच दिग्दर्शक लुई मालचा १९५८ चा चित्रपट, ज्याच्या नावाचा अर्थ ‘फाशीच्या तख्ताकडे नेणारी लिफ्ट’. फ्लोरन्स नावाची बाई आणि तिचा प्रियकर मिळून तिच्या नवऱ्याचा काटा काढायचं ठरवतात. प्रियकर काम उरकतो, पण वर चढायला वापरलेला दोर लटकत राहिलेला बघून परत इमारतीत शिरतो. तेवढ्यात रखवालदार वीज बंद करून घरी जातो आणि हा लिफ्टमध्ये अडकतो. इकडे फ्लोरन्स वाट बघतेय. त्याची गाडी समोरून जाते, आत एक तरुण मुलगी. गाडी चोरीला गेलीय हे हिला काय माहीत! हिला वाटतं, आपल्याला टाकून गेला. मग ती रात्रभर पॅरिसच्या रस्त्यांवरून त्याला शोधत फिरते.

एवढी गोष्ट तीन मिनिटांत सांगा आणि त्या फिरण्याची दोन मिनिटं दाखवा. हाच तुकडा का, तर त्यात बोलणं जवळपास नाही. ती मधूनमधून स्वतःशी पुटपुटते, तेवढंच. आपल्या मंडळींना इंग्रजी सबटायटल वाचता येतात, पण मागच्या रांगेतून दिसत नाहीत, आणि एकानं दुसऱ्याला वाचून दाखवायला सुरुवात केली की संपलंच.

दाखवून झालं की दोन गोष्टी सांगा आणि तुकडा पुन्हा लावा. पहिली गोष्ट उजेडाची. त्याआधीच्या सिनेमांत तिला भरपूर रंगवून, दिव्यांच्या झोतात उभं करत. इथं छायालेखक आंरी देकाएनं शाँझेलिझे या पॅरिसच्या मोठ्या रस्त्यावरच्या दुकानांच्या काचांतून येईल तेवढ्याच उजेडात तिचा चेहरा टिपला. कॅमेरा चक्क बाबागाडीत ठेवून ढकलत नेला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, खाली झुकलेले ओठांचे कोपरे, सगळं दिसतं. नटीला कुरूप करताय म्हणून तंत्रज्ञांनी तेव्हा कुरकुर केली होती. दुसरी गोष्ट संगीताची. माइल्स डेव्हिस या अमेरिकी जाझ ट्रम्पेटवादकानं डिसेंबर १९५७ मध्ये एका रात्रीत, पडद्यावरची दृश्यं बघत बघत ते वाजवलं. माल तेव्हा पंचविशीचा पोरगा, आणि ती तिशीला टेकलेली. दुसऱ्यांदा बघताना माणसं चेहऱ्याकडे बघायला लागतात. आमच्या एक मावशी मोठ्यानं म्हणाल्या, “अगं, भिजतेय ती, कुणीतरी छत्री द्या की!” तिथं मला कळलं, आज गाडी रुळावर आहे.

आता मागे जा. इथं मात्र भराभर. वडिलांचं पॅरिसच्या माँमार्त्र भागात कॅफे-रेस्टॉरंट, आई मूळची इंग्रज आणि फोली बर्जेर या प्रसिद्ध नाट्यगृहात नर्तकी. मुलीनं नाटकात जाऊ नये असा वडिलांचा हट्ट. ती गेलीच, आणि १९४७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, कोमेदी फ्रान्सेझ या त्यांच्या मानाच्या नाट्यसंस्थेत दाखल झाली. लिफ्टवाल्या चित्रपटाआधी दहा वर्षं ती रंगभूमीवर आणि लहानमोठ्या सिनेमांत घासत होती, हे ठसवून सांगा. लग्नं, प्रेमप्रकरणं यांत शिरू नका. मी पहिल्या वेळी शिरले, तर पुढची पंधरा मिनिटं सभा त्याच चौकशीत अडकली.

‘लेझामां’ म्हणजे ‘प्रेमिक’ हा १९५८ चाच दुसरा चित्रपट. त्याची चित्रफीत कट्ट्यावर लावायची नाही, हे मी सांगायला नको. पण खटल्याची गोष्ट जरूर सांगा. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका थिएटरच्या व्यवस्थापकाला हा चित्रपट दाखवला म्हणून अश्लीलतेच्या गुन्ह्यात दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६४ मध्ये शिक्षा रद्द झाली. त्यात न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट म्हणाले, अश्लील म्हणजे काय याची व्याख्या मी करू शकणार नाही, पण दिसलं की मला ओळखता येतं, आणि हा चित्रपट तसा नाही. आमच्यातले निवृत्त वकीलकाका एरवी वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नाहीत, ते खुर्ची पुढे सरकवून बसले.

त्यानंतर गाणं. दिग्दर्शक त्रुफोच्या १९६२ च्या ‘ज्यूल ए जिम’मध्ये ती खुर्चीत बसून ‘ल तूर्बियाँ’ गाते. शेजारी गिटार घेऊन बसलेला माणूस म्हणजे सर्ज रेझवानी, गाणं त्याचंच. गाताना तिच्याकडून कडव्यांचा क्रम चुकतो, ती हातानं तशी खूण करते, आणि त्रुफोनं तेच चित्रण ठेवलं. ही खूण कुठं येते ते आधी सांगून ठेवा, मग सगळे ती पकडायला टपून बसतात. शब्दांचं भाषांतर करत बसू नका. गाण्यात दोघं भेटतात, हरवतात, पुन्हा भेटतात, पुन्हा ताटातूट. ‘तूर्बियाँ’ला मराठीत मी ‘भोवरा’ म्हटलं आणि गोदेच्या पुराची आठवण काढली. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढल्यावर पुलावरून ते गरगरणारं पाणी कुणी बघितलं नाही? एक आजी म्हणाल्या, भोवरा म्हणजे पोरांचा फिरवायचासुद्धा. तेही बरोबर बसतं. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

त्याच चित्रपटात ती खोटी मिशी रंगवून, टोपी घालून दोघा मित्रांबरोबर पुलावर शर्यत लावते आणि ‘तीन’ म्हणायच्या आधीच सुटते. वीस सेकंदांचा तुकडा आहे. वेळ असेल तर लावा.

आता तांत्रिक बाब, जिथं खरी माती होते. हॉलच्या वायफायवर विसंबू नका. पहिल्या वेळी माइल्स डेव्हिसची तुतारी अर्ध्यात थांबली आणि पडद्यावर एक गोल फिरत राहिला. विकत घेतलेल्या डीव्हीडीतून लागणारे तुकडे आधी सलग एका फाइलमध्ये लावून ठेवा. फाइल पेनड्राइव्हवर, तीच लॅपटॉपवरही. एचडीएमआय केबल घरून न्या, आणि प्रोजेक्टरला ती बसते का ते आदल्या दिवशी जाऊन बघा. स्पीकर वेगळा लागतो, लॅपटॉपचा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जात नाही. जानेवारीत साडेपाचलाही खिडकीतून ऊन येतं, म्हणून मी दोन जुन्या चादरी आणि कपड्यांचे चिमटे नेले.

मधल्या काळातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हा प्रश्न पडेल. १९६० साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, अंतोनिओनी, बुन्युएल आणि ऑर्सन वेल्स या तिघा बड्या दिग्दर्शकांनीही तिला घेतलं, हे एका श्वासात सांगून टाका. ज्यांना ही नावं माहीत आहेत ते मान डोलावतात, बाकीच्यांचं काही अडत नाही. १९७६ मध्ये ती स्वतः दिग्दर्शक झाली आणि २००० साली अकादमी दे बोझार या कलासंस्थेवर निवडली गेलेली पहिली स्त्री ठरली, इथं मात्र थांबा. नाशकात सिनेमावर बोलताना फाळके येणारच, त्र्यंबकेश्वरचे ते आपले. त्यांना सुरुवातीला वापरून संपवू नका, इथं आणा. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती व्हायला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके तारामती झाले. एवढंच सांगून गप्प बसा. तुलना लोक आपापली करतात, आणि आमच्याकडे तर बायकांनी चांगली जोरात केली.

शेवट मृत्यूनं करू नका. श्रोत्यांचं सरासरी वय अडुसष्ट आहे, एवढं भान हवं. मी १९९२ चा सेझार पुरस्कार शेवटी ठेवला. फ्रेंच सिनेमाचा हा सर्वोच्च सन्मान तिला चौसष्टाव्या वर्षी मिळाला, तोही एका म्हाताऱ्या ठगिणीच्या भूमिकेसाठी. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका तरण्या पोराला ती लबाडीचे धडे देते. हे ऐकल्यावर आमच्याकडे जो हशा झाला, तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार.

प्रश्नांना दहा मिनिटं ठेवा. चहावाल्याला सव्वासहा सांगितलेत तर तो सहाला येतो, म्हणून मी त्याला साडेसहा सांगितले होते. सव्वासहाला आला.