भाषाशास्त्राच्या जर्नलला पेपर पाठवायचाय? आधी उदाहरणं नीट करा

मी ऐरोलीला राहते, पीएचडीचं काम आगरी बोलीवर चालू आहे, आणि गेल्या दोन वर्षांत ठाणे-नवी मुंबईतल्या पाच-सहा जणांनी तरी मला विचारलंय की ताई पेपर तयार आहे, आता पाठवायचा कसा. पाठवणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम आहे. त्याच्या आधीचं काम मोठं असतं आणि तेच कोणी नीट सांगत नाही, मग चांगला डेटा असलेले पेपर परत येतात आणि बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी, घाई कशासाठी आहे ते बघा. पीएचडीच्या आधी पेपर छापून आलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती २०२२ च्या नियमांत निघाली, काही विद्यापीठं स्वतःची अट ठेवतात ते गाईडला विचारून घ्या. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, पण २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे "यूजीसी अप्रूव्ह्ड, तीन दिवसांत पब्लिश, फी अमुक हजार" असा मेल आला की सरळ डिलीट करा. तीन दिवसांत कोणी पेपर वाचून त्यातली उदाहरणं तपासूच शकत नाही हो, आणि एकदा तिथे छापलं की तोच पेपर चांगलं जर्नल घेत नाही, म्हणजे गावात फिरून जमवलेला तुमचा डेटा फुकट गेला. शंका आली तर संपादक मंडळातली दोन-तीन नावं सर्च करा, ती माणसं भाषाशास्त्रातली आहेत का आणि त्यांच्या स्वतःच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का बघा. ओपन ॲक्सेस जर्नल असेल, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येणारं, तर डीओएजे या अशा जर्नल्सच्या ऑनलाइन यादीत आहे का ते पण बघा.

आता जर्नल निवडणं. आपल्याकडचं जुनं म्हणजे 'इंडियन लिंग्विस्टिक्स', १९२८ ला स्थापन झालेल्या लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाचं. दक्षिण आशियाई भाषांसाठीच काढलेलं 'जर्नल ऑफ साउथ एशियन लँग्वेजेस अँड लिंग्विस्टिक्स' २०१४ पासून आहे. बोलीचं रेकॉर्डिंग, शब्दसंग्रह, समाजाबरोबर केलेलं काम असं असेल तर हवाई विद्यापीठाचं 'लँग्वेज डॉक्युमेंटेशन अँड कन्झर्व्हेशन' बघा, ते सगळ्यांना वाचायला मोफत आहे आणि लेखकाकडूनही पैसे घेत नाही. सिद्धांताकडे झुकणारं असेल तर 'ग्लॉसा', हे कसं सुरू झालं ते माहिती असावं, 'लिंग्वा' नावाच्या जर्नलच्या अख्ख्या संपादक मंडळाने २०१५ मध्ये प्रकाशकाच्या धोरणावरून राजीनामा दिला आणि ओपन ॲक्सेस ग्लॉसा काढलं. आणि मराठीतच लिहायचं असेल तर मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' १९८३ पासून आहे, तिथे लिहिणं कमी दर्जाचं आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, बोलीवरचं काही लिखाण मराठीतच वाचलं जायला हवं.

निवडायचं कसं, तर त्या जर्नलचे मागच्या दोन वर्षांचे अंक उघडा आणि तुमच्या संदर्भांत त्यातला एखादा तरी लेख येतो का बघा. एकही येत नसेल तर बहुतेक ते जर्नल तुमचं नाही. आणि एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं. दोन ठिकाणी पाठवून जिथे आधी हो म्हणतील तिथे देऊ असं चालत नाही, लक्षात आलं की दोन्हीकडून परत येतो आणि नाव खराब होतं ते वेगळंच.

आता मुख्य गोष्ट, उदाहरणं. माझा पहिला पेपर संपादकांनी रिव्ह्यूला, म्हणजे विषयातल्या दुसऱ्या अभ्यासकांकडे तपासायला, न पाठवताच परत केला होता, कारण मी वाक्यं देवनागरीत लिहून शेजारी इंग्रजी अर्थ दिला होता बस. ज्याला मराठीचा म सुद्धा येत नाही त्या माणसाला तुमचं वाक्य उलगडून बघता आलं पाहिजे, तुमचा सगळा मुद्दा त्या वाक्यावर उभा असतो. त्यासाठी लाइपझिग ग्लॉसिंग रूल्स आहेत, उदाहरणाखाली तुकड्यातुकड्याचा अर्थ कसा लिहायचा त्याचे, दहाच नियम आहेत, पीडीएफ फुकट मिळते, प्रिंट काढून टेबलावर ठेवा. उदाहरण तीन ओळींत द्यायचं, पहिल्या ओळीत वाक्य तोडून, दुसरीत प्रत्येक तुकड्याखाली त्याचा अर्थ, तिसरीत भाषांतर. समजायला मी इथे मराठीतच लिहिते:

रामा-ने आंबा खा-ल्ल-आ
राम.सामान्यरूप-इर्गेटिव्ह आंबा.पुल्लिंग.एकवचन खा-परफेक्टिव्ह-पुल्लिंग.एकवचन
'रामाने आंबा खाल्ला.'

इर्गेटिव्ह म्हणजे इथे कर्त्याला लागलेला 'ने', आणि परफेक्टिव्ह म्हणजे क्रिया पूर्ण झाली हे दाखवणारा तुकडा. जर्नलमध्ये पहिली ओळ रोमनमध्ये आणि दुसरीत ठरलेली छोटी रूपं येतील, पण हिशोब हाच. वरच्या शब्दात जितके हायफन तितकेच खालच्या शब्दात हवेत, आणि एकाच तुकड्यात दोन-तीन गोष्टी अडकलेल्या असतील तर त्या टिंबाने जोडायच्या. 'रामा' हे सामान्यरूप आहे हे आपल्याला शाळेपासून माहितीये पण बाहेरच्याला 'राम'चा 'रामा' का झाला ते कळत नाही, आणि मग 'मी आंबा खाल्ला' मध्ये 'ने' कुठे गेला हा प्रश्न तो शंभर टक्के विचारणार. म्हणून मराठीत मी आणि तू ला हा प्रत्यय दिसत नाही तरी क्रियापद आंब्याप्रमाणेच बदलतं, पोळी असेल तर खाल्ली होतं, हे दोन ओळींत आधीच सांगून टाका.

रोमन करताना लिहिलेलं बघून करू नका, ऐकून करा. आपण 'जग' एकच लिहितो, पण दुनिया या अर्थाचा ज वेगळा आणि जगणे मधला वेगळा. आगरीत ण चा न आणि ळ चा ल होतो, ते तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये जसं ऐकू आलं तसंच यायला हवं, सवयीने प्रमाण मराठीतलं 'पाणी' टाइप झालं की डेटाच खोटा झाला, आणि हे मी स्वतः दोन ठिकाणी केलं होतं, ऑडिओ परत ऐकल्यावर सापडलं. फॉन्ट युनिकोडच वापरा, आयपीएसाठी, म्हणजे उच्चार दाखवायच्या आंतरराष्ट्रीय चिन्हांसाठी, डूलोस किंवा कॅरिस हे दोन्ही मोफत आहेत. देवनागरी वापरणार असाल तर दर्या आणि दऱ्या हे दोन शब्द पीडीएफमध्ये वेगळे दिसतायत का ते बघा, तेवढ्यात फॉन्ट कळतो.

आधीचं काम बघितलंय हे पण दिसायला हवं. ग्रिअर्सनने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ चा आहे, आणि डेक्कन कॉलेजने केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण ऑनलाइन आहे. ही दोन नावं नसतील तर रिव्ह्यूअर पहिल्याच परिच्छेदात विचारतो.

नाव लपवणं हा पुढचा भाग. बऱ्याच जर्नलमध्ये रिव्ह्यूअरला तुम्ही कोण ते कळू द्यायचं नसतं. फक्त नाव काढून भागत नाही, आभार काढा, "माझ्या आधीच्या लेखात" असं असेल तर तिऱ्हाईतासारखं लिहा, वर्डच्या प्रॉपर्टीजमधलं आणि ट्रॅक चेंजेसमधलं नाव काढा, फाइलच्या नावात आडनाव नको. ऑडिओची ड्राइव्ह लिंक दिलीत तर तिथे तुमचं नाव दिसतं, त्यापेक्षा ओएसएफ या संशोधनाचा डेटा ठेवायच्या साइटवर नाव न दिसणारी व्ह्यू-ओन्ली लिंक करता येते.

आणि बोलणाऱ्यांची परवानगी, हे फॉर्मवर टिक करण्यापुरतं ठेवू नका. घणसोली गावातल्या एका आजींना मी विचारलं, "आजी, पेपरात तुमचं नाव घालू की नको?" तर त्या म्हणाल्या "घाल की, पन माज्या नवऱ्याचं पन घाल." मी आपली सगळ्यांना नावाऐवजी नंबर देऊन मोकळी होणार होते. ज्यांना नाव नको त्यांचं नको, पण ज्यांना हवंय त्यांचं आलंच पाहिजे, रिव्ह्यू चालू असताना झाकायचं आणि छापताना परत घालायचं.

आता अपलोड. ऑर्किड नंबर, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, आधी काढून ठेवा, १६ अंकी असतो, मोफत मिळतो. जर्नलची स्टाइलशीट उघडून संदर्भांची पद्धत, शब्दमर्यादा, ॲब्स्ट्रॅक्ट किती शब्दांचा हे जुळवा. कव्हर लेटर अर्ध्या पानाचं पुरे, पेपरचं नाव, मुद्दा एका वाक्यात, दुसरीकडे दिलेला नाही आणि डेटाला परवानगी आहे एवढंच. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, छोटी वाक्यं लिहा. सबमिट करण्याआधी पोर्टल जी पीडीएफ बनवून दाखवतं ती शेवटपर्यंत वाचा, आयपीएच्या जागी चौकोन बहुतेक तिथेच दिसतात.

मग थांबायचं, तीन महिने, सहा महिने, कधी जास्त. सहा महिने झाले की संपादकांना दोन ओळींचा नम्र मेल टाकायला हरकत नाही. मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठे बदल करून परत पाठवा असं उत्तर, आलं तर ती चांगली बातमी आहे, त्यांना पेपर हवाय. पहिल्या दिवशी उत्तर लिहू नका, दोन दिवस जाऊ द्या, मग प्रत्येक मुद्दा कॉपी करून त्याखाली काय बदललं आणि कुठल्या पानावर ते लिहा. रिव्ह्यूअरचं चुकलं असेल तर डेटा देऊन सांगा. मला एकाने लिहिलं होतं की हे वाक्य शक्यच नाही, मी तीन वेगळ्या गावांतल्या माणसांची तीन वाक्यं दिली, मान्य झालं.

ॲक्सेप्ट झाल्यावर प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची पानं, येतात आणि दोन-तीन दिवसांत परत मागतात. ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर बघू नका. प्रिंट काढा, उदाहरणांच्या ओळी एकमेकींखाली सरळ आहेत का, हायफन कुठे हरवले का ते पट्टी ठेवून बघा, आणि आभारांमध्ये आजी-आजोबांची नावं बरोबर छापलीत का तेही.