ऑफ-ग्रिड सोलरमधील शिल्लक वीज मोजताना या चुका टाळा

मुरबाड-शहापूरकडच्या ज्या शेतघरांत महावितरणची जोडणी नाही आणि सगळा भार सोलरवर आहे, तिथे एक प्रश्न हमखास निघतो: बॅटरी दुपारीच फुल होते, तर वाया जाणाऱ्या उन्हावर आणखी काय चालेल? याचे उत्तर डिस्प्लेवरच्या वॅटवरून काढणे ही सर्वांत मोठी चूक आहे. बॅटरी भरली की चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणारे उपकरण) पॅनेलकडून वीज घेणे कमी करतो. त्यामुळे लख्ख उन्हात 1000 वॅटचे पॅनेल 120 वॅट दाखवत असेल, तर तो आकडा पॅनेलची कुवत नव्हे, त्या क्षणी चालू असलेला फ्रिज आणि पंखा सांगतो. पॅनेल निकामी झाले असे समजून ते बदलायला निघणे हा निव्वळ खर्च आहे.

याच्या उलट चूक कागदावर होते. 1000 वॅट गुणिले पाच तास म्हणजे पाच युनिट, त्यातून दोन युनिट वापर वजा केला की तीन युनिट शिल्लक, असा हिशेब मांडला जातो. पण लेबलवरचे वॅट 25 अंश सेल्सिअस सेल-तापमानाला मोजलेले असतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पॅनेल 60-65 अंशांपर्यंत तापते. दर अंशामागे साधारण 0.35 ते 0.4 टक्के घट, शिवाय धूळ आणि वायरमधील नुकसान धरले, तर भर दुपारीही 750 ते 800 वॅटच्या आसपासच अपेक्षा ठेवावी.

खरी शिल्लक भार टाकूनच कळते. निरभ्र दिवशी कंट्रोलर फ्लोटवर (बॅटरी भरल्यावर ती फक्त भरलेली राखण्याच्या टप्प्यावर) गेल्यावर एकेक उपकरण सुरू करत जावे आणि बॅटरीच्या वायरवर डीसी क्लॅम्प मीटर (वायर न कापता तिच्याभोवती अडकवून करंट मोजणारे मीटर) लावून करंटची दिशा पाहावी. पॅनेलचे वॅट भाराबरोबर वाढत राहतात, तोवर शिल्लक आहे. ज्या भाराला बॅटरीतून करंट बाहेर पडू लागतो, तिथे त्या वेळेची मर्यादा आली. फ्रिजचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू झाला तर वाचन फसते, म्हणून तो थांबेपर्यंत वाट पाहावी. हीच चाचणी दुपारी तीन-चारलाही करावी, कारण झाडाची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर आली तरी उत्पादन अनपेक्षितपणे कोसळते.

चाचणीची घाईही नडते. ट्युब्युलर बॅटरी (लेड-अॅसिड बॅटरीचा एक प्रकार) चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात करंट हळूहळू कमी घेते. डिस्प्लेवर वॅट उतरलेले दिसले, तरी ती पूर्ण भरलेली नसते. या काळात तिच्यावाटची वीज रोज दुसरीकडे वळवली, तर प्लेटवर सल्फेट साचून बॅटरीचे आयुष्य घटते. इन्व्हर्टरची मर्यादाही तपासावी: पॅनेल 750 वॅट देत असले, तरी 850 व्हीएच्या इन्व्हर्टरवर अर्ध्या एचपीचा पंप सुरू होतानाच्या झटक्याने तो ट्रिप होऊ शकतो.

मे महिन्यात मिळालेला आकडा पावसाळ्याला लावू नये. जून ते सप्टेंबरमध्ये ज्या दिवशी बॅटरी फ्लोटपर्यंत पोहोचत नाही, त्या दिवशी शिल्लक शून्य धरावी आणि पंपासारखा जादा भार बंद ठेवावा.