घरं वाटणाऱ्या कार्यालयात समता रुजवायची असेल, तर या चुका टाळा

दुपारचे साडेतीन वाजले होते. एका गृहनिर्माण कार्यालयाच्या पात्रता शाखेत चहा फिरत होता. संक्रमण शिबिरातल्या एका कुटुंबाची फाइल टेबलावर उघडी होती. वरिष्ठ लिपिक ती चाळता चाळता म्हणाले, "या लोकांना टॉवरमध्ये घर दिलं तरी तिथेही चाळच करतील." तीन-चार जण हसले. कोपऱ्यातल्या टेबलावरची मुलगी हसली नाही. तिने कप बाजूला सरकवला आणि टायपिंग चालू ठेवलं. महिनाभराने तिच्याशी निवांत बोलणं झालं तेव्हा कळलं की तिचं सगळं बालपण संक्रमण शिबिरात गेलं. इमारत धोकादायक ठरली म्हणून 'थोड्या दिवसांसाठी' हलवलेलं ते कुटुंब. तिची दहावी, बारावी आणि पदवी त्याच एका खोलीत झाली. कार्यालयात तिने हे कोणालाही सांगितलं नव्हतं.

सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांत लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर मी बाह्य सदस्य म्हणून काम करते. गृहनिर्माणाच्या कार्यालयांचं एक वेगळेपण मला तिथे नेहमी जाणवतं. फाइलीत ज्यांची नावं असतात, त्यांच्याच घरातली माणसं इथे खुर्चीवरही बसलेली असतात. शिपाई, भाडे वसुलीकार, लिपिक, अभियंते यांतले कितीतरी जण चाळीतून, वस्तीतून आलेले असतात. अर्जदाराबद्दल जे बोललं जातं ते त्यांच्या कानावर पडतं आणि घरी जाताना त्यांच्यासोबत जातं.

म्हणून पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच, की अर्जदारांशी कसं वागायचं हा जनसंपर्काचा प्रश्न आणि कर्मचाऱ्यांशी कसं वागायचं हा आस्थापना शाखेचा, असे दोन कप्पे करायचे. आठ मार्चला कार्यक्रम होतो, गुलाब दिले जातात, आणि त्याच दिवशी खिडकीवर एका आजींना "ओ मावशी, कळत नाही का एकदा सांगितलेलं?" असं ऐकवलं जातं. हे तपासायला सर्वेक्षण लागत नाही. खिडकीजवळच्या बाकावर तासभर बसा आणि 'ही लोकं', 'असलेच असतात', 'घुसखोर' हे शब्द किती वेळा येतात ते मोजा. टिपणीत 'अनधिकृत रहिवासी' लिहून काम भागत असेल, तर 'घुसखोर' लिहायचं कारण नाही. आणि कोणी बोलून गेलंच, तर शाखाप्रमुखाने तिथल्या तिथे, शांतपणे, सगळ्यांसमोर म्हणावं, "आपल्या शाखेत असं बोलायचं नाही." नंतर केबिनमध्ये बोलावून समज दिली, तर ज्याला लागलं त्याच्यापर्यंत ती पोहोचतच नाही.

बिंदुनामावली बरोबर आहे, पण टेबलं कोणाकडे?

आरक्षण भरलं म्हणजे समता आली, ही दुसरी समजूत. बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे दाखवणारी नोंदवही, काटेकोर हवीच. सरळसेवेत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आणि २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा हे हक्क मोठ्या लढ्यांतून आले आहेत. पण नामावली फक्त दारातून कोण आत आलं एवढंच सांगते. आत आल्यावर कोणतं टेबल मिळालं हे कार्यविभाजनाच्या आदेशात असतं, आणि ते आदेश कोणी एकत्र ठेवून वाचत नाही.

एका विभागात आम्ही ते वाचले. पाच वर्षांचे आदेश एका टेबलावर पसरले आणि हजेरीपटावरच्या प्रत्येक नावापुढे पेन्सिलने खुणा केल्या: साइट, निविदा, बिलं, नकाशे, आवक-जावक, माहिती अधिकाराची उत्तरं. महिला अभियंत्यांच्या नावापुढे नकाशे आणि माहिती अधिकार यांची रांग लागली. एका कनिष्ठ अभियंतीला एवढ्या काळात एकही साइट मिळाली नव्हती. विचारलं तर उत्तर आलं, "त्यांनी कधी मागितलीच नाही." आवक नोंदवही काढली. तिचे दोन अर्ज क्रमांकासह नोंदलेले होते. बदलीच्या वेळी मात्र 'साइटचा अनुभव नाही' हेच तिच्याविरुद्ध सांगितलं जात होतं.

यामागे वाईट हेतू असतोच असं नाही. "बाईमाणूस उन्हातान्हात कुठे फिरणार" ही काळजीच असते, पण त्या काळजीची किंमत ती बाई मोजते. साइटवर स्वच्छतागृह नाही हे कारण पुढे येतं, आणि ते खरंही असतं. सकाळपासून पाणी न पिता काम करणाऱ्या अभियंत्या मला भेटल्या आहेत. पण बांधकाम कामगारांसाठी साइटवर स्वच्छतागृह कायद्याने बंधनकारक केलेलं आहे. ते नसेल तर कंत्राटदाराचं पहिलं बिल अडवा. अभियंतीची साइट अडवू नका. आणि दर वर्षी टेबलं फिरवताना आधीच्या आदेशांचा तक्ता सोबत जोडा. कोणाकडे काय होतं हे कागदावर समोर आलं की अर्धे वाद तिथेच मिटतात.

फलकावरची नावं एकदा वाचा

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरून. एवढं बहुतेकांना माहीत असतं. चुका पुढे होतात.

एका कार्यालयात जिन्याजवळ समितीचा फलक लावलेला होता. त्यावरच्या अध्यक्षा निवृत्त झाल्या होत्या आणि दोन सदस्यांची बदली झाली होती. तक्रार करायला आलेल्या बाईने फलकावरचा फोन लावला, तर तो उचलणारीने "मी आता तिथे नाही" असं सांगितलं. ती बाई परत गेली आणि पुन्हा कधी आली नाही. समितीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. त्याआधीही कोणाची बदली झाली की त्याच आठवड्यात नवा आदेश आणि नवा फलक हवा. मुख्यालयात समिती आहे म्हणून विभागीय कार्यालयं मोकळी सुटत नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रत्येक कार्यालयात ती असावी लागते.

समितीच्या बाबतीतली दुसरी चूक 'आपसात मिटवा'. समेटाची वाट कायद्यात आहे, पण ती तक्रारदार बाईने स्वतः मागितली तरच, आणि पैसे देऊन तर मुळीच नाही. साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावून हात मिळवायला लावणं हा समेट होत नाही. तसंच 'तुमच्याच सोयीसाठी' म्हणून तक्रारदाराचीच बदली करणं. चौकशी चालू असताना बदली होऊ शकते, पण तिने लेखी मागितल्यावर, आणि ती समोरच्याचीही होऊ शकते.

एक गोष्ट गृहनिर्माण कार्यालयांनी विशेष लक्षात ठेवावी. हा कायदा नोकरीत नसलेल्या बाईलाही लागू आहे. घराच्या फाइलीसाठी खेटे घालणारी, ताबापत्रासाठी आलेली, शिबिरात भाडेवसुलीच्या वेळी दार उघडणारी, या सगळ्या तुमच्या समितीकडे तक्रार करू शकतात. खिडकीपाशी हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. आणि वर्षअखेरच्या अहवालात 'तक्रारी: निरंक' दिसलं तर समाधान मानू नका. फलकावरचा नंबर स्वतः लावून बघा.

"आडनाव काय? गाव कुठलं?"

नवीन माणूस रुजू झाला की हे दोन प्रश्न येतात. विचारणाऱ्याला वाटतं ही ओळख. ज्याला विचारलं जातं त्याला नेमकं काय शोधलं जातंय ते बरोबर कळतं. त्यानंतर 'कोट्यातले' हा शब्द कधी थेट, कधी खांद्यावरून ऐकू येतो. सोडतीत अनुसूचित जातीच्या अर्जदाराचं घर नियमाने त्यालाच मिळेल याची पै न् पै काळजी घेणारी माणसं शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तसं बोलतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. यावर उपाय एकच दिसतो. रुजू होण्याच्या दिवशी शाखाप्रमुखाने नव्या माणसाची ओळख त्याच्या कामाने करून द्यावी: कुठल्या पदावर आला, आधी काय केलं, आता काय बघणार. उरलेलं ज्याचं त्याला सांगायचं तर तो सांगेल.

सफाई आणि सुरक्षेचे लोक बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतात. ते कुठे बसून जेवतात ते बघा. जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी डबे उघडलेले दिसले, तर उपाहारगृहाची दारं त्यांच्यासाठी उघडा. यासाठी आदेशही लागत नाही.

दिव्यांगांच्या बाबतीत कागद आणि इमारत यांचा मेळ बसत नाही. २०१६ च्या कायद्याने घरांच्या योजनांत दिव्यांगांना ५ टक्के आरक्षण दिलं, पण त्या फाइलीची सुनावणी वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. रॅम्पवर दुचाकी उभ्या. सहा महिन्यांतून एकदा चाकाची खुर्ची घेऊन फाटकापासून सुनावणीच्या खोलीपर्यंत कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन यावं. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कमी करता येत नाही की त्याचा दर्जा उतरवता येत नाही. तरी अपघातानंतर परतलेल्याला 'घरी आराम करा' सांगणारे भेटतात.

आणि एक चूक फार चांगल्या मनाने केली जाते. पात्रता शाखेतल्या त्या मुलीची गोष्ट पुढे कार्यालयाला कळली, तेव्हा प्रशिक्षणाच्या दिवशी तिने मंचावर येऊन अनुभव सांगावा असा आग्रह सुरू झाला. तिने नकार दिला आणि तो योग्य होता. आपल्या जगण्याचं प्रात्यक्षिक द्यायला ती नोकरीला लागलेली नव्हती. अशा माणसाला काही विचारायचंच असेल, तर कामात काय बदलावं एवढं विचारा.

तिला तसं विचारलं तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. सुनावणीच्या नोटिशीत तारखेसोबत वेळही छापा. तिच्या आईला सकाळी दहाला बोलावून चारला आत घ्यायचे, आणि धुणीभांड्याच्या कामाचे त्या दिवसाचे पैसे कापले जायचे. त्या शाखेच्या नोटिशींवर आता वेळ असते, अर्ध्या अर्ध्या तासाची.